मिझुनो की मिउरा? जपानी आयर्न मागवण्यापूर्वी

प्रश्न नाशिकच्या एका गोल्फ खेळणाऱ्या वाचकाकडून आला आहे. वय ४६, हँडिकॅप (कौशल्याचा आकडा, जितका कमी तितका खेळाडू चांगला) १६, सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठीने, चेंडू साधारण १४० यार्ड जातो. मेव्हणा कावासाकीला नोकरी करतो आणि दिवाळीत घरी येतो आहे, त्याच्याकडून जपानी आयर्नचा सेट मागवायचा आहे. मिझुनो घ्यावा, की जवळपास दुप्पट पैसे मोजून मिउरा, एपॉन असा एखादा छोटा ब्रँड घ्यावा? त्यांचे एक वाक्य असे आहे: ‘एकदाच घेणार आहे, तर सगळ्यात चांगलाच घ्यावा असे मनात आहे.’

पुण्यात मी पंचवीस वर्षे क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, बांधतोय, दुरुस्त करतोय, लोकांच्या अंगाला बसवून देतोय. जपानला दोनदा जाऊन ह्योगो आणि निगाता या दोन्ही प्रांतांतली कामे पाहून आलो आहे. उत्तर आधीच सांगून टाकतो. तुम्ही मिझुनो किंवा स्रिक्सॉन असा मोठा ब्रँड घ्या आणि वाचलेल्या पैशांतून शाफ्ट (दांडा), लांबी आणि लाय (दांडा जमिनीशी करतो तो कोन) नीट मोजून घ्या. छोट्या ब्रँडचे काम हलके असते म्हणून मी हे सांगत नाही. त्या कामाचा अर्धा भाग दुकानात, गिऱ्हाईक समोर उभे असताना होतो, आणि तो भाग मेव्हण्याच्या बॅगेतून येऊ शकत नाही. हे नीट कळण्यासाठी जपानात या छोट्या ब्रँडांना काय म्हणतात ते आधी बघू.

तिथे त्यांना ‘जिकुराबु’ म्हणतात. ‘जि’ म्हणजे त्या गावचे, त्या मातीचे. गावोगावच्या छोट्या भट्ट्यांतल्या साकेला, म्हणजे तांदळाच्या दारूला, ‘जिझाके’ म्हणतात, त्याच धर्तीवर हा शब्द आला. जिकुराबु खेळसाहित्याच्या मोठ्या दुकानात सेट म्हणून टांगलेला सहसा दिसत नाही. तो ‘कोबो’त मिळतो. कोबो म्हणजे एका-दोघांची कार्यशाळा: एका भिंतीवर क्लबची सुटी डोकी, दुसऱ्या भिंतीवर शाफ्ट, मध्ये लॉफ्ट (चेंडूला लागणाऱ्या चेहऱ्याचा तिरकेपणा) आणि लाय वाकवायचे यंत्र, आणि मागे जाळी लावलेला मारायचा कोपरा. तुम्ही दहा-वीस चेंडू मारता, कारागीर बघतो, विचारतो, मोजतो. मग तो डोकी वजन करून निवडतो, शाफ्ट कापतो, जोडतो. आठवड्याने परत बोलावतो, पुन्हा मारायला लावतो, गरज वाटली तर तळ थोडा घासून देतो. कंपनीकडून त्याला येते ते फक्त डोके. क्लब तो बनवतो. म्हणूनच जपानी खेळाडू जिकुराबुबद्दल बोलताना ब्रँडच्या आधी कोबोचे नाव घेतो, आपल्याकडे शिवलेल्या कपड्यांबद्दल बोलताना कापडाच्या गिरणीआधी शिंप्याचे नाव येते तसे.

आता पोलादाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत.

आयर्न दोन प्रकारे होते, ओतीव आणि घडीव. ओतीवमध्ये वितळलेला धातू साच्यात ओततात. घडीवमध्ये मऊ पोलादाची गोल कांब भट्टीत लालभडक तापवून, साच्यात प्रेसखाली दाबून डोके काढतात, कडेला आलेला फाजील धातू छाटतात, मग घासणे, खाचा पाडणे आणि मुलामा. जपानी घडीव आयर्नच्या माहितीपत्रकात एस२५सी किंवा एस२०सी असे लिहिलेले दिसेल, मिझुनोच्या पत्रकात १०२५. या २५ चा अर्थ शेकडा ०.२५ कार्बन. म्हणजे महागड्या छोट्या ब्रँडचे आणि मिझुनोचे मूळ पोलाद जवळजवळ सारखेच. त्यात गुपित असे काही नाही.

घडाई कुठे होते तेही पाहा. मिझुनो कंपनी १९०६ साली ओसाकात सुरू झाली, गोल्फचे क्लब १९३३ पासून बनवते, आणि तिची घडीव डोकी १९६८ पासून हिरोशिमातल्या चुओ नावाच्या कारखान्यात घडतात. निगाता प्रांतातले त्सुबामे हे गाव चमचे, सुऱ्या आणि भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एन्दो कंपनीने कित्येक वर्षे जगातल्या मोठमोठ्या ब्रँडांची आयर्न घडवून दिली, थायलंडमध्येही कारखाना काढला, आणि स्वतःच्या नावाने जो छोटा ब्रँड काढला तोच एपॉन. ह्योगो प्रांतात हिमेजीच्या उत्तरेला इचिकावा नावाचे छोटे गाव आहे, जपानात बनलेल्या आयर्नचे जन्मगाव म्हणून ते ओळखले जाते. तिथला क्योएई कारखाना इतरांची डोकी घडवतो आणि झेस्टेम या नावाने स्वतःचीही विकतो. खुद्द हिमेजीत कात्सुहिरो मिउरा यांनी १९७७ मध्ये मिउरा गिकेन सुरू केली, त्यांनीही आधी इतरांसाठीच काम केले.

मोठा ब्रँड आणि छोटा ब्रँड यांच्यातली रेघ म्हणूनच भट्टीपाशी ओढता येत नाही. एकाच प्रेसखालून सकाळी मोठ्या कंपनीचे डोके निघते आणि दुपारी छोट्या ब्रँडचे. मालकीवरूनही ओढता येत नाही. मिउरा आज अमेरिकी गुंतवणूकदाराच्या समूहात आहे, घडाई मात्र हिमेजीतच होते. होन्मा हे नाव ऐकले की आजही लोकांच्या डोळ्यांसमोर यामागातातल्या साकाता गावची कारागिरी आणि सोनेरी मुलाम्याचे, दोन ते पाच तारे कोरलेले क्लब येतात. ती कंपनी २००५ मध्ये कर्जात बुडून न्यायालयात गेली, २०१० मध्ये चिनी मालकाकडे आली आणि २०१६ मध्ये हाँगकाँगच्या शेअर बाजारात उतरली. साकातातला कारखाना मात्र चालू राहिला. होन्मा छोटा की मोठा? मला विचाराल तर किंमत छोट्या ब्रँडची आणि पसारा मोठ्या ब्रँडचा.

हिमेजीचे नाव निघाले की तलवारीची गोष्टही निघतेच. सामुराईंच्या तलवारी घडवणाऱ्यांची परंपरा, तेच पोलाद, तोच हात, असे विकणारा सांगतो आणि घेणाऱ्याला ऐकायला आवडते. परंपरेबद्दल मला आदर आहे, पण धातूच्या दृष्टीने ही गोष्ट उलटी आहे. तलवारीच्या पात्याला भरपूर कार्बनचे पोलाद लागते आणि ते पाण्यात विझवून धारेला कडक करतात. आयर्नसाठी कमी कार्बनचे मऊ पोलाद लागते, आणि ते मऊच राहावे म्हणून कडक करायचे टाळतात. तलवार कडक झाली नाही तर वाया, आयर्न कडक झाले तर लाय वाकवता येत नाही. कारागिराचा हात दिसतो तो घडाईनंतर, घासण्यात.

तो मी जवळून पाहिला आहे. प्रेसखालून निघालेले डोके हवे त्यापेक्षा वजनाने थोडे जास्त ठेवलेले असते. कारागीर ते फिरत्या पट्ट्यावर धरतो, दोन सेकंद घासतो, वजन करतो, पुन्हा घासतो. मापाचा आकार समोर टांगलेला असला तरी त्याची नजर पट्ट्यावरच असते. पट्ट्याखाली चुकून जास्त धातू गेला तर तो परत लावता येत नाही. सात नंबरचे डोके साधारण २७० ग्रॅमचे. चांगल्या कोबोत तुमच्या सेटची सातही डोकी एकाच हिशेबाने, प्रत्येकात साधारण ७ ग्रॅमची चढण ठेवून, हातात वजनकाटा घेऊन निवडतात. मोठ्या कंपनीत ठरलेल्या मर्यादेच्या आत जे बसेल ते चालते, आणि कमी पडलेले वजन शाफ्टच्या टोकात पितळी खुंटी घालून भरून काढतात. डोक्यात २ ग्रॅमचा फरक पडला की स्विंगवेट, म्हणजे क्लब फिरवताना डोके किती जड लागते याचे माप, एका खुणेने बदलते, उदाहरणार्थ डी१ चे डी२ होते. एका खुणेचा फरक तुम्हाला हातात जाणवणार नाही. एकाच सेटमध्ये तीन खुणांची खालीवर झाली तर मात्र जाणवते, आणि तसे सेट माझ्या टेबलावर आलेले आहेत, छापील किंमत कितीही असो.

मिउराच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे, ती सांगायलाच हवी. ते डोके आणि होझल, म्हणजे शाफ्ट बसायची नळी, वेगळी घडवून मग वेगाने फिरवत घर्षणाने एकजीव करतात. त्यामुळे प्रत्येक होझलची लांबी आणि वजन काटेकोर राखता येते. मिझुनोचे उलटे. एकाच कांबेतून होझलसकट सगळे डोके घडवायचे आणि धातूचे तंतू चेहऱ्यापासून होझलपर्यंत अखंड राखायचे, हा त्यांचा आग्रह आहे. दोन्ही पद्धतींमागे विचार आहे. कोणती श्रेष्ठ यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्याकडे येणाऱ्यांना मी कधी कधी कानात बोळे घालून दोन्ही मारायला देतो. चेंडू मधोमध लागला असेल तर कोणते कोणते हे ओळखणारे फार थोडे निघतात. ज्याला आपण ‘मऊ लागले’ म्हणतो त्यात आवाजाचा वाटा फार मोठा असतो, आणि आवाज ठरतो तो चेहऱ्याच्या मागे धातू किती आणि कुठे आहे यावरून.

मोठ्या ब्रँडांना कमी लेखणारे मला रोज भेटतात, म्हणून दोन गोष्टी सांगतो. अमेरिकी खेळाडू ब्रूक्स केप्का २०१७ आणि २०१८ ची यूएस ओपन जिंकला तेव्हा त्याच्या बॅगेत मिझुनोची आयर्न होती, आणि ती वापरण्यासाठी मिझुनोशी त्याचा करार नव्हता. हिदेकी मात्सुयामाने २०२१ ची मास्टर्स जिंकली ती स्रिक्सॉनचा ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब), आयर्न आणि चेंडू घेऊन. पुरुषांची मेजर, म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकणारा तो पहिला जपानी. स्रिक्सॉन कोबेच्या सुमितोमो रबर कंपनीचा, म्हणजे टायर बनवणाऱ्यांचा ब्रँड. त्याच कंपनीने १९३० साली जपानमध्ये बनलेला पहिला गोल्फ चेंडू काढला होता. जो खेळाडू कोणताही क्लब घेऊ शकतो तो बाजारात सहज मिळणारा क्लब घेऊन जगातली सर्वांत कठीण स्पर्धा जिंकतो. आपल्या हँडिकॅप १६ ला तो क्लब अपुरा पडेल, ही भीती मनातून काढून टाका.

याच सुमितोमोचा दुसरा ब्रँड झेक्सिओ, २००० साली आलेला. नाव XXIO असे लिहितात; त्यातली पहिली तीन अक्षरे म्हणजे रोमन आकड्यांतले २१, एकविसावे शतक. आपल्याकडे साठीच्या पुढच्या खेळाडूंच्या बॅगेत मला तो सतत दिसतो, आणि योग्य कारणाने दिसतो. संपूर्ण ड्रायव्हर पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास, लवचिक शाफ्ट, मोठे डोके. ज्यांचा वेग कमी झाला आहे त्यांना चेंडू हवेत चढवून देण्याचे काम मोठ्या कंपन्यांच्या संशोधनामुळे जितके सोपे झाले तितके कोणत्याही छोट्या भट्टीमुळे झालेले नाही. पातळ चेहरा, आतली पोकळी, टंगस्टनची वजने या गोष्टींना मोठे भांडवल लागते. ड्रायव्हरबद्दल म्हणूनच माझे मत अगदी सरळ आहे: मोठा ब्रँड घ्या आणि पुढे चला.

आता तुमच्यावर येतो.

सात नंबर १४० यार्ड, म्हणजे ड्रायव्हरचा वेग सेकंदाला ४० मीटरच्या आसपास असावा. जपानात वेग याच मापात सांगतात, आपल्या सवयीच्या मापात तो ताशी ९० मैल होतो. या वेगाला साधारण ९५ ते १०५ ग्रॅमचा स्टीलचा शाफ्ट चांगला जमतो. निप्पॉन शाफ्टचा एन.एस. प्रो ९५०जीएच जपानात जवळजवळ प्रत्येक कंपनी मूळ शाफ्ट म्हणून देते, तो याच वजनाचा आहे. पूर्वीच्या अमेरिकी सेटमध्ये येणारा जड शाफ्ट १३० ग्रॅमच्या घरातला. या ३० ग्रॅमचा फरक तुम्हाला तेराव्या होलवर कळेल, मे महिन्यात तर आठव्यावरच. पोलाद एस२०सी आहे की एस२५सी, हे अठराव्या होलपर्यंतही कळणार नाही.

जपानी शाफ्टवरच्या अक्षरांवर विसंबू नका. आर, एसआर, एस या शाफ्टच्या कडकपणाच्या खुणा, त्यांचे जगभर एकच माप नाही. जपानी बाजारासाठी केलेला एस हा अमेरिकी बाजाराच्या एसपेक्षा बहुधा मवाळ निघतो. सध्या एस वापरता म्हणून डोळे झाकून एस मागवू नका, आणि एसआर लिहिले आहे म्हणून कमीपणाही मानू नका.

दुसरा धोका लॉफ्टचा. पूर्वी सात नंबरला ३४-३५ अंश असत. मिझुनोच्या सडपातळ सेटला आजही ३४ च्या जवळपास सापडतात. झेक्सिओच्या सात नंबरला २८ च्या आसपास असतात. यामाहाने तर दोन नंबर लांब जाणारा म्हणून सेट काढला, त्यात सात नंबर २६ अंशांचा होता. म्हणजे जुन्या हिशेबाने पाच नंबरच. कोणी ‘जपानी सात नंबरने १६० यार्ड मारतो’ म्हणाला तर आधी लॉफ्ट विचारा. तुमच्यासाठी तोटा खालच्या टोकाला आहे. सेटमधला पिचिंग वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) लांब जायला लागला की तुमच्या ५२ अंशांच्या वेजच्या आणि त्याच्या मध्ये पंचवीस-तीस यार्डांचे भगदाड पडते, आणि नाशिकच्या कोर्सवर तुमचा निम्मा दुसरा फटका नेमका त्याच अंतरातला असणार. तुम्ही ३० ते ३२ अंशांचा सात नंबर मागा. चेंडू पुरेसा वर जाईल आणि वेजेसची साखळी तुटणार नाही.

जपानची जमीन आणि आपली जमीन वेगळी आहे, हेही लक्षात घ्या. तिथल्या फेअरवेवर झॉयसिया जातीचे ताठ, दाट गवत असते, चेंडू त्यावर टी लावल्यासारखा उचललेला बसतो. (जुन्या जपानी कोर्सवर एकेका होलला दोन-दोन ग्रीन असतात, एक कोराई गवताचे आणि एक बेंट गवताचे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी गोंधळून चुकीच्या झेंड्याकडे निशाणा धरला होता.) आपल्याकडे हरळी. पावसाळ्यात ती मऊ, ओल्या मातीवर, आणि मार्चनंतर तीच जमीन टणक, खाली मुरूम. पातळ तळाचे, धारदार पुढची कड असलेले आयर्न झॉयसियावर सुरेख चालते. भाद्रपदातल्या चिखलात ते खणते, आणि उन्हाळ्यात मुरमावरून उडून चेंडूच्या पोटात बसते. तळ थोडा रुंद आणि पुढची कड गोलसर असलेले डोके निवडा. कोबोतला कारागीर हे काम घासून करून देतो. तो तुमच्याजवळ नाही, म्हणून ते आकारातच असलेले घ्या. मुरमाच्या खड्यांनी मऊ पोलादाला चरे पडतील, ते पडू द्या, खेळावर परिणाम होत नाही.

मुंबई किंवा कोकणातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. छोट्या ब्रँडांत बिनमुलाम्याची डोकी आवडीने विकतात, दिसायलाही देखणी असतात. जुलैत बॅगेत ओली ठेवली तर चौथ्या दिवशी तांबूस होतात. वरवरच्या गंजाने चेंडूचे काही बिघडत नाही, पण खाचांत तो साचू देऊ नका. फेरीनंतर कोरडे पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा एक हात पुरतो. मुलामा असलेले डोके घेतलेत तर एवढी काळजी लागत नाही, आणि मुलाम्याने ‘मऊपणा’ जातो ही समजूत मला कधी खरी वाटलेली नाही. मुलाम्याचा थर केसाहूनही पातळ असतो.

घडीव डोक्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ते वाकते. त्यामुळेच लाय तुमच्या अंगाला बसवता येते, २ अंश सहज. आणि त्यामुळेच मॅटवर रोज शंभर चेंडू मारणाऱ्याची लाय वर्षभरात आपोआप सरकते. २ अंशांची चूक १४० यार्डांवर चेंडू तीन-चार यार्ड बाजूला नेते, वेजला त्याहून जास्त कोनात. वर्षातून एकदा सगळ्या सेटची लाय-लॉफ्ट तपासून घ्या. हे पाचशे रुपयांच्या आसपासचे काम आहे आणि कोणत्याही नवीन ब्रँडपेक्षा जास्त फटके वाचवते.

छोट्या ब्रँडच्या बाबतीत माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो, कारण तुम्ही ‘एकदाच घेणार’ असे लिहिले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी एका छोट्या जपानी ब्रँडचा सेट मोठ्या हौसेने बांधला. आठ नंबर प्रवासात कुठेतरी राहिला. ब्रँडला लिहिले, विक्रेत्याला लिहिले. त्या डोक्याचा साचा बंद झाला होता, शिल्लक एकही नव्हते. नव्या आवृत्तीतला आठ नंबर घेतला तर होझल लांब, तळ वेगळा, लॉफ्ट एका अंशाने बळकट, म्हणजे कमी. तीन वर्षे मी सात आणि नऊच्या मधला फटका अर्ध्या हाताने मारला आणि शेवटी सेट विकून टाकला. मोठ्या ब्रँडचा एखादा नंबर हरवला तर जपानातल्या जुन्या क्लबांच्या दुकानांत, गोल्फ पार्टनरसारख्या साखळ्यांत, तो बहुतेक वेळा सापडतो. मोठा ब्रँड म्हणजे कायमची हमी असेही नाही. यामाहाने १९८२ पासून चालवलेला गोल्फचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. पण बाजारात आधीच लाखो नग असले की सुटे भाग मिळायला पुढची कित्येक वर्षे अडचण येत नाही.

मग छोटा ब्रँड कुणी घ्यावा? ज्याला आपले आकडे पाठ आहेत: डोक्याचे वजन, लांबी, लाय, शाफ्टचे वजन, आणि ते तसेच का हवेत हे माहीत आहे. जो वर्षातून एकदा तरी जपानला जातो आणि एकाच कोबोत परत परत जाऊ शकतो. तोक्यो, योकोहामात स्थायिक झालेले मराठी खेळाडू मला विचारतात तेव्हा मी त्यांना बेधडक सांगतो, जवळचा कोबो शोधा, दोन-तीन महिने नुसते जाऊन बसा, कारागिराशी ओळख करा. तसे आयर्न जन्मात पुन्हा कुणी बांधून देणार नाही. आणि ज्याला वस्तूवर प्रेम आहे, जिचा आकार खाली बघितल्यावर मन शांत होते अशा वस्तूवर, त्यानेही जरूर घ्यावा. त्यात मला काही गैर वाटत नाही. मिउराच्या ब्लेडकडे, म्हणजे पातळ आयर्नकडे, वरून बघितल्यावर जे वाटते ते मला आजही वाटते.

तुम्हालाही ती चव घ्यायची असेल तर एका वेजपासून सुरुवात करा. वेज एकटा विकत मिळतो, सेट फुटत नाही, आणि तळ कसा घासला आहे याने जिथे खरोखर फरक पडतो तो हाच क्लब. गुन्मा प्रांतातल्या ताकासाकीची फोर्टीन ही कंपनी वेजेससाठीच नावाजली, तिच्या एमटी-२८ ने एके काळी जपानात सगळ्यांना वेड लावले होते. मिउराचे वेजही सुंदर असतात. ५६ अंशांचा, तळाला १० ते १२ अंश बाउन्स (क्लब जमिनीत रुतू न देणारा तळाचा कोन) असलेला घ्या. आपल्या बंकरमध्ये वाळू कुठे भुसभुशीत, कुठे दगडासारखी असते, त्याला एवढा बाउन्स हवाच.

मेव्हण्याला काय सांगायचे ते आता नीट लिहून घ्या. दुकानात गेल्यावर त्याने आधी विचारावे: ‘रूरू तेकिगो देसु का?’ म्हणजे नियमात बसते का? चेहऱ्याच्या उसळीवर २००८ पासून सगळ्यांना मर्यादा लागू आहे, तरी जपानात मर्यादेपेक्षा जास्त उसळीचे क्लब आजही उघडपणे विकतात, खास करून वयस्कर मंडळींसाठी आणि खास करून ड्रायव्हर. ते क्लब स्पर्धेत चालणार नाहीत. मिझुनो घेणार असाल तर शाफ्टवर चिमट्याने लावायचे त्यांचे मोजमापाचे उपकरण तुम्ही स्वतः वापरायला हवे. तीन फटक्यांत ते वेग, लय आणि शाफ्ट किती वाकतो ते सांगते. भारतात मिझुनोचे फिटिंग कुठे होते ते बघून आधी त्या मोजणीचा कागद मिळवा, मग मेव्हण्याला पाठवा. त्याला फक्त कागदावरचा सेट सांगायचा आहे. जुना सेट घेणार असाल तर खोक्यावरचा नव्हे, होझलवरचा अनुक्रमांक बघायला सांगा आणि सगळे नंबर एकाच आवृत्तीचे आहेत ना तेही. इंटरनेटवरच्या अतिस्वस्त होन्मा आणि झेक्सिओपासून दूर राहा, बनावट मालात ही नावे सगळ्यात वर आहेत. पावती जपून आणायला सांगा, आणि विमानतळावर माल जाहीर करायला लावा.

एवढ्यावरही छोटा ब्रँडच घ्यायचा असे मनाने घेतले असेल, तर पूर्ण क्लब आणू नका, सुटी डोकी आणा. पाच नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत सहा डोकी, पावणेदोन किलोच्या आत, हातातल्या बॅगेत नको, चेक-इनमध्ये कपड्यांत गुंडाळून. विकणाऱ्याला होझलचे भोक ९ मिलिमीटरचे की ९.४ चे ते विचारून घ्या, कारण शाफ्ट त्यावर ठरतो आणि चुकीचा शाफ्ट आला तर जोडता येत नाही. प्रत्येक डोक्याचे वजन त्याच्या पिशवीवर लिहून आणायला सांगा. शाफ्ट आपण इथे लावू.

यायच्या आधी फोन करा, आणि येताना सध्याचा सात नंबर आणा. नवीन काही घेण्याआधी मला त्याच्या तळावरचे घासल्याचे डाग बघायचे आहेत. डाग टाचेकडे जास्त आहे की टोकाकडे, यावरून निम्मे काम होते.